हॅरल्डचं अंडं, माझं पाणी

हॅरल्ड विटकॉम नावाचे एक गृहस्थ अकरा दिवस धड जेवलेले नाहीत, हे झरीनाने मला सांगितलं तेव्हा मी वाती वळत होते.

झरीना मुल्ला म्हणजे आमच्या कराडच्या सोबत केंद्राची प्रमुख. आम्ही चौतीसजणी आपापल्या घरी बसून दूरदेशीच्या वृद्ध माणसांना सोबत करतो. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर एक छोटी पेटी असते, तशीच एक आमच्या घरी. त्या पेटीतून आम्हाला त्यांचं स्वयंपाकघर दिसतं आणि त्यांना आमचा आवाज ऐकू जातो. गोळी घेतली का, मोजे घातले का, काल मुलीचा फोन आला होता तो आठवतो का, एवढंच बोलायचं. हे काम यंत्रं करत होती, पण मग कायदा आला की विसराळू माणसाशी यंत्राने माणूस असल्यासारखं बोलायचं नाही. तेव्हापासून माणसांची गरज पुन्हा पडली.

"आजारी आहेत का?" मी विचारलं.

"आजार विसरण्याचाच. अठ्ठ्याऐंशी वय. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. बायको होती रोझाल्बा, इटलीची. बाप इंग्लंडात वीटभट्टीवर कामाला आला, त्याच्या मागे ही चौदाव्या वर्षी आली. इंग्रजी शिकली, पण बोलण्याची चाल इटलीचीच राहिली. हॅरल्डना इटालियन ओ की ठो येत नाही. एक्कावन्न वर्षं रोज सकाळी त्या चालीतलं इंग्रजी ऐकून ते अंडं खायचे. ती गेली. आता बाकी सगळं पुसलं गेलंय, तेवढी चाल राहिलीय. दुसरं कोणी जेवा म्हटलं की तोंड मिटून बसतात. सध्या नळीने दूध देतायत, त्यावर फार तर दीड महिना निघेल."

"मग इटलीचीच एखादी बाई बघ की."

"बघितल्या तर! तीन बघितल्या. हेमांगीताई, हल्ली इटलीतल्या पोरीसुद्धा अमेरिकेसारखं इंग्रजी बोलतात. पडद्यावरून शिकलेल्या ना. ती जुनी चाल आता विकत मिळत नाही, घडवावी लागते." मग झरीना मुद्द्यावर आली. "तुमची जीभ घडवता येईल, असं पुण्याच्या डॉक्टर म्हणतात. बत्तीस वर्षं रोज व्यायाम करतेय ती."

व्यायाम म्हणजे माझं स्तोत्र.

*

त्याबद्दल आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आलं.

आमच्या माहेरची कुलदेवी धवलाई. तिचं स्तोत्र माझ्या खापरपणजोबांनी रचलं, एक्केचाळीस ओव्यांचं. छापलेलं नाही. आप्पांना आम्ही दोघीच मुली. ताई परदेशी गेली, म्हणून माझ्या लग्नात आप्पांनी वही माझ्या ओटीत घातली आणि नेम सांगितला. स्नान करून तीन चुळा भरून बसायचं. मोठ्याने म्हणायचं. अक्षर चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण होईपर्यंत पाणी प्यायचं नाही. आणि आजारपणात घरच्या कोणी म्हणावं, आपण हात जोडून ऐकावं. आप्पा म्हणायचे, "नेम माणसासाठी असतो, माणूस नेमापायी मरायला नसतो."

बत्तीस वर्षांत ती शेवटची सवलत मला कधी लागली नव्हती.

पुण्याच्या डॉ. ओवी साळुंखे टाळूपट्टी घेऊन आल्या. डॉक्टर कसल्या, तिशीतली मुलगी ती. मला काकू म्हणाली आणि मांडी घालून जमिनीवर बसली.

"काकू, आपल्या मेंदूत जिभेचा एक नकाशा असतो. कुठल्या अक्षराला जीभ कुठे टेकायची, वारा किती सोडायचा, याचा. लहानपणी तो ओला असतो, म्हणून मूल कुठलीही भाषा उचलतं. बारा-चौदा वर्षांनी तो वाळतो. रोझाल्बाबाई पन्नासहून जास्त वर्षं इंग्लंडात राहूनही तोंडाने इटलीच्याच राहिल्या त्या यामुळे."

"आणि ही पट्टी?"

"ही तुमच्या टाळूला बसेल. हिच्यावर शहाण्णव बारीक ठिपके आहेत. रोझाल्बाबाईंची जीभ जिथे टेकली असती तिथे मुंग्या येतील, तुमची जीभ आपोआप तिकडे जाईल. कानात तुमचाच आवाज येईल, पण किंचित बदललेला, उद्या तो जसा व्हायचा आहे तसा. आणि कानामागे ही चकती. तिथून एक नस जाते. तिला हलकासा झटका दिला की मेंदू जागा होतो, 'हे महत्त्वाचं आहे, लिहून घे' असं स्वतःलाच सांगतो. वाळलेला नकाशा पुन्हा ओला होतो."

आमचे हे दारात उभे राहून ऐकत होते. हे शेतातल्या फवारणीच्या ड्रोनची दुरुस्ती करतात, यंत्र दिसलं की यांचा पाय निघत नाही. "म्हणजे हिचं सॉफ्टवेअर बदलणार," ते म्हणाले. "भांडणाची भाषा पण बदलते का बघा. मराठीतली आता पाठ झालीय."

ओवी हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "दोन गोष्टी पाळायच्या. सत्र संपल्यावर चाळीस मिनिटं नकाशा ओलाच असतो. ताज्या सिमेंटच्या फरशीसारखा, जो पाय पडेल त्याचा ठसा कायमचा. तेव्हा त्या वेळात अवाक्षर बोलायचं नाही. आणि चूळ तर त्यानंतरही तासभर भरायची नाही. पट्टीखालचा लेप हळूहळू विरघळतो, त्याचं काम चालू असतं. असे चाळीस दिवस. चाळिसाव्या दिवशी नकाशा पक्का होतो."

चाळीस दिवस पहाटे नेमाने एक गोष्ट करायची, मला यात अवघड काय वाटणार? साडेपाचला पट्टी लावायची, सहा-दहाला काढायची, सात वाजेपर्यंत मौन, मग स्तोत्र. चुळा तेवढ्या सोडाव्या लागल्या. लेपाला पुदिन्यासारखी चव होती, तोंड स्वच्छच वाटायचं. तोंड स्वच्छ असलं म्हणजे झालं, अशी मी मनाची समजूत घातली.

मौनात नुसतं बसवेना. पहाटेची वेळ वाया घालवणं जिवावर येतं. म्हणून मी देवासमोर बसून मनातल्या मनात स्तोत्र म्हणत असे. ओठसुद्धा हलू देत नसे.

*

एक्केचाळिसाव्या दिवशी दुपारी साडेबाराला, म्हणजे तिकडच्या सकाळी, पेटी सुरू झाली. पिवळ्या टाइलांचं स्वयंपाकघर. टेबलाशी एक उंच, वाळलेले गृहस्थ. समोर अंडं, शेजारी पाव, मागे त्यांची देखरेख करणारी मुलगी हात बांधून उभी.

मी मनात धवलाईचं नाव घेतलं आणि तोंड उघडलं.

"गुड-अ मॉर्निंग, हॅरल्ड. ईट-अ दी एग्ग-अ. इट इज-अ गेटिंग कोल्ड-अ."

माझं मलाच हसू आलं असतं, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू विरून गेलं. डोंगरात चुकलेल्या माणसाला घंटा ऐकू यावी तसं त्यांनी पेटीकडे पाहिलं.

"रोझ?" ते म्हणाले. "कुठे होतीस तू?"

मी रोझ आहे असं मी म्हटलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. खोटं बोलायचं नाही हा माझा स्वतःचा नेम आहे. "मी बोलतेय ना," मी म्हटलं. "आधी खाऊन घ्या."

त्यांनी चमचा उचलला. अंड्याचं टरफल तीनदा टकटक करून फोडलं. मागची मुलगी तोंडावर हात ठेवून रडायला लागली. मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, "सॉल्ट-अ."

त्या दिवशी संध्याकाळी झरीना पेढे घेऊन आली.

*

त्या चाळीस दिवसांच्या शेवटच्या आठवड्यातच स्तोत्र एखाददुसऱ्या वेळी अडखळायचं. मी वयाला दोष दिला, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पण हॅरल्ड जेवू लागले त्याच्या तिसऱ्या दिवशी पहिलीच ओवी तोंडातून अशी आली की मी दचकले.

'धांव घेईं धवलाई, ठेवीं हात माथां' असं सुरू होतं आमचं स्तोत्र. धला, घला, ठला छातीतून वारा लागतो. तो वारा आलाच नाही.

"दावा गेई दवलाई, टेवी आत्त-अ मात्ता."

मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. देवीचं नाव, लहानपणापासून घेतलेलं, माझ्या तोंडात परक्या बाईसारखं उभं होतं.

हे दाढी करत होते, तिथूनच ओरडले, "आज देवीला इटलीचा व्हिसा मिळाला वाटतं!"

ते साबण लावलेल्या गालाने बाहेर आले. "काय झालं गं?"

"काही नाही हो. तुम्ही चहा घ्या." हे वाक्य मात्र स्वच्छ मराठीत आलं. धनादेश म्हणून पाहिलं, धडपड, घागर, ठसका. सगळं ठीक. फक्त स्तोत्र लागलं की जीभ इटलीला जायची.

त्या दिवशी दहाव्या खेपेला, दीड वाजता, कशीबशी एकेका अक्षरावर हात ठेवून एक्केचाळीस ओव्या पूर्ण केल्या. पाणी न पिताच मधे हॅरल्डना जेवू घातलं होतं. दुसऱ्या दिवशी चार वाजले. तिसऱ्या दिवशी दिवेलागण झाली तरी पूर्ण होईना. ओठांना चिरा पडल्या होत्या. हे फुलपात्र घेऊन माझ्यासमोर जमिनीवर बसले.

"अगं, देवीला कळतं ना तुला काय म्हणायचंय ते?"

"तिला कळतं हो. मी काय म्हटलं ते मलाही कळतं ना."

यांनी फुलपात्र बाजूला ठेवलं. मग उठले, चष्मा शोधला, देव्हाऱ्याच्या खणातली आप्पांची वही काढली. "आजारपणात घरच्यांनी म्हणायचं, असं आहे ना तुमच्यात? मग तू आजारी आहेस. हात जोड."

"तुम्ही? तुम्ही तर आरतीलाही टाळ्या चुकवता."

"हात जोड म्हटलं ना."

यांनी आयुष्यात कधी पोथी धरली नव्हती. मोडीसारखं वळणदार आप्पांचं अक्षर, त्यात यांचा चष्मा जुना. ड्रोनच्या पंख्याचे स्क्रू काढावेत तसं एकेक अक्षर काढत होते. बाराव्या ओवीला चुकले. मी काही म्हणायच्या आधी यांनीच कपाळाला हात लावला आणि "पहिल्यापासून, पहिल्यापासून" म्हणत पुन्हा पहिलं पान उघडलं. पूर्ण व्हायला सव्वा तास लागला. संपल्यावर यांचाच घसा बसला होता.

मी पाणी प्यायले. बत्तीस वर्षांच्या संसारात यांचा इतका आवाज मी सलग कधी ऐकला नव्हता.

*

डॉक्टर ओवी दुसऱ्याच दिवशी आली. माझा आवाज नोंदवून घेतला, आलेख पाहिले, डोकं खाजवलं.

"काकू, असं व्हायलाच नको. इंग्रजीसाठी केलेला ठसा मराठीत येत नाही. तुमचं साधं बोलणं ठीक आहे, म्हणजे स्तोत्रच कधीतरी ओल्या फरशीवर पडलंय. ती चाळीस मिनिटं तुम्ही काय करायचात?"

"गप्प बसायचे."

"अगदी गप्प?"

"अगदी. मनातल्या मनात फक्त स्तोत्र म्हणायचे."

तिने हातातली पट्टी खाली ठेवली. "मनात म्हणतानासुद्धा जीभ हलते, काकू. आपल्याला कळत नाही इतकी सूक्ष्म. मेंदू प्रत्येक अक्षराचा हुकूम सोडतोच, फक्त आवाज बाहेर पडत नाही. चाळीस दिवस, रोज, नेमक्या त्या वेळात." ती पुटपुटली, "पत्रकात 'बोलू नका' लिहिलंय. 'मनात म्हणू नका' असं लिहायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही."

आप्पा म्हणायचे, मोठ्याने म्हटलेल्यापेक्षा मनात म्हटलेलं खोल जातं. हे असं खोल जाईल हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं.

"पुसता येईल?"

"येईल. पट्टी उलटी चालवायची, एका बैठकीत होतं. पण..." तिला सांगायला जड जात होतं. "दोन्ही ठसे एकाच फरशीवर आहेत. स्तोत्र सोडवायचं तर विटकॉम आजोबांसाठीचं बोलणंही जाईल. आणि पुन्हा शिकवता येणार नाही. ही फरशी एकदाच ओली होते."

ती गेली. तीन दिवस यांनीच वाचलं. तिसऱ्या दिवशी यांचं वाचन पंचावन्न मिनिटांवर आलं, पण मला ते ऐकताना अपराधी वाटायचं. आजारी नसलेल्या माणसाने सवलत किती दिवस वापरायची? आप्पांनी माझ्या ओटीत वही घातली होती, यांच्या नाही. माझ्यामागे म्हणणारं कोणी नाही. माझ्या तोंडून ते अक्षर गेलं की गेलंच.

मी झरीनाला फोन केला. पुसून घ्यायचं ठरवलंय म्हटलं.

"रोज्यांत मी तहान ओळखते, हेमांगीताई," ती म्हणाली. "पण आमचा रोजा संध्याकाळी सुटतो. तुमचा सुटेचना. मी कशी आग्रह करू?" मग म्हणाली, "दुसरी एक बाई तयार करते. चाळीस दिवस लागतील."

हॅरल्ड पुन्हा चाळीस दिवस नळीवर काढू शकत नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होतं.

*

निरोपाच्या दिवशी मी हॅरल्डना आधी खाऊ दिलं. अंडं संपलं, पावाचा शेवटचा तुकडाही संपला. ते खिडकीतून बाहेर बघत बसले. त्यांना काही उमजणार नाही, हे धरूनच मी बोलायला लागले. न सांगता जाणं बरं दिसलं नसतं.

"हॅरल्ड, उद्यापासून मी येणार नाही. मी रोज सकाळी प्रार्थना म्हणते. ती म्हटल्याशिवाय पाणी पीत नाही. पण हे तुमच्याशी बोलायचं तोंड घेऊन बसलं की ती नीट येत नाही. देवीचं नावसुद्धा येत नाही. म्हणून मला हे बोलणं सोडावं लागेल. तुम्ही रागावू नका."

ते खिडकीकडेच बघत होते. मग अगदी सहज, मीठ दे म्हणावं तसं म्हणाले, "चूळ भरली नाहीस का?"

"काय म्हणालात?"

"रोज भरतेस की." आता ते पेटीकडे वळले. डोळे स्वच्छ दिसले मला त्यांचे. "भांडी झाली की नळाशी उभी राहतेस. तीन चुळा. मग जपमाळ घेतेस. मी विचारलं होतं तुला एकदा. घड्याळवाला माणूस मी, कुठली कळ कशाने फिरते ते मला कळल्याशिवाय चैन पडत नाही. तू म्हणालीस, सकाळभर तुझ्याशी इंग्रजी बोलते, ते धुतल्याशिवाय मारियामाता माझं ऐकत नाही." ते खुदकन हसले. "आपल्या घरात नळाचं बिल त्या मारियामुळे येतं."

आणि पुन्हा खिडकीकडे वळले. माझा हात माझ्याच तोंडावर होता. आप्पांच्या वहीतला पहिला नेम. चाळीस दिवस सोडला, आणि चाळीस दिवस झाल्यावर पुन्हा धरायचा राहूनच गेला. लेपाची चव आवडली होती मला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी एकची पुण्याची गाडी होती. सकाळपासून मी यांचं जेवण करून ठेवलं, पिशवी भरली, ओटा दोनदा पुसला. देवापुढे बसायचा धीर होत नव्हता. पट्टी आता नव्हती, मौन नव्हतं, तरी भीती होती. चूळ भरूनही नाहीच आलं तर?

दहा वाजता मोरीशी गेले. माठातलं गार पाणी घेतलं. एक चूळ. दोन. तीन. दात शिवशिवले, टाळू गार पडली. जीभ तोंडात आपल्या जागी जाऊन बसल्यासारखी वाटली. मी देवापुढे बसले. हे वही आणि चष्मा घेऊन दारात उभे होते, लागली तर वाचायला मदत करायची म्हणून.

"धांव घेईं..."

वारा छातीतून आला. समईची ज्योत हलली.

नवव्या ओवीला आनंदानेच जीभ घसरली आणि इटलीला गेली. उठले, पुन्हा तीन चुळा. मग एकोणिसाव्या ओवीपर्यंत गेले. पुन्हा मोरी. मग तेहेतिसाव्या. प्रत्येक वेळी वाट थोडी पुढे मोकळी होत होती. हे तिथेच चौकटीला टेकून उभे होते. चौथ्या खेपेला, सव्वाबाराला, एक्केचाळिसावी ओवी संपली. एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. धवलाई धवलाईच होती.

मी कपाळ जमिनीला टेकवलं आणि तशीच राहिले.

"म्हणजे आज माझी सुट्टी?" यांनी वही मिटली. आवाज जरा उतरलेला वाटला. "सदतिसाव्या ओवीपर्यंत पाठ झालं होतं माझं."

"मग उद्या सोबत म्हणा ना."

"बघू," म्हणत यांनी डॉक्टर ओवीला फोन लावला, पुण्याचं रद्द करायला. ती आधी ओरडली, मग दोनदा सगळं विचारून घेतलं.

"जुना नकाशा पुसलेला नसतो, काकू," ती शेवटी म्हणाली. "नव्याच्या खाली शाबूत असतो. पण दोन वाटा झाल्या की फाट्यावर खूण लागते, कुठे वळायचं त्याची. बत्तीस वर्षं तुमच्या मेंदूने गार पाण्याची खूण धरली होती. आम्ही चूळ बंद केली आणि फाट्यावरची पाटीच काढून टाकली. रोझाल्बाबाईंनी आपली पाटी स्वतःच लावली होती." थोड्या वेळाने म्हणाली, "मी पत्रकात दोन ओळी वाढवते. मनात काही म्हणू नका. आणि तुमची प्रार्थनेआधीची सवय मोडू नका."

"तिसरीही वाढव," हे म्हणाले. "नवऱ्याला आधीच पाठ करून ठेवा."

यांनी पाण्याने भरलेलं फुलपात्र माझ्या हातात दिलं. मी ओठाला लावणार तेवढ्यात पेटी वाजली. झरीना होती.

"हेमांगीताई, गाडीला वेळ आहे ना? नवीन बाई बसवलीय, पण ते ओठ मिटून बसलेत. शेवटचं एकदा याल?"

"शेवटचं कशाला?" मी म्हटलं, आणि फुलपात्र तसंच हातात घेऊन पेटीसमोर बसले. "झरीना, दुसरी बाई नको शोधूस. मी येणार रोज."

पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला. मग पिवळ्या टाइलांचं स्वयंपाकघर आलं.

अंडं तसंच होतं. चमचा तसाच. कालचं काहीही त्यांना आठवत असणं शक्य नव्हतं. डॉक्टर सांगतात की त्यांच्या मेंदूत तासाभरापूर्वीचंही राहत नाही.

"गुड-अ मॉर्निंग, हॅरल्ड."

मान वर झाली. "रोझ."

"ईट-अ दी एग्ग-अ. इट इज-अ गेटिंग कोल्ड-अ."

त्यांनी चमचा उचलला नाही. समोर पाण्याचा ग्लास होता, काठोकाठ भरलेला. त्यांनी तो टेबलावरून हळूहळू पेटीच्या दिशेने सरकवला. थोडं पाणी सांडलं. ग्लास अगदी माझ्यासमोर आला, इतका जवळ की त्यामागे त्यांचा चेहरा वाकडा दिसायला लागला.

"आधी तू," ते म्हणाले.

काय आठवलं होतं त्यांना? बहुतेक काहीच नाही. कोणीतरी तहानलेलं आहे, एवढंच उरलं असावं.

मी फुलपात्र तोंडाला लावलं. माठातलं गार पाणी घशातून उतरलं, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मग ते पेटीजवळ नेऊन खाली ठेवलं, त्यांना पितळेचा आवाज ऐकू जावा म्हणून.

हॅरल्डनी समाधानाने मान हलवली, चमचा उचलला आणि अंड्याचं टरफल तीनदा टकटक करून फोडलं.